धुराड्याची परीक्षा

२८ सप्टेंबर १९०२. मेदां या गावातल्या घरी उन्हाळा घालवून कादंबरीकार एमिल झोला आणि त्यांच्या पत्नी अलेक्झांद्रीन पॅरिसला परतले. शहरातलं घर बरेच दिवस बंद होतं, हवेत गारठा होता, म्हणून झोपण्याच्या खोलीतल्या शेकोटीत कोळसा पेटवला. जाळ नीट धरेना. रात्री दारंखिडक्या लावून दोघं झोपले. मध्यरात्रीनंतर अलेक्झांद्रीन डोकेदुखीने आणि मळमळीने जाग्या झाल्या. नोकरांना हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, पण सकाळपर्यंत बरं वाटेल असं म्हणून झोलांनी ते टाळलं. मग खिडकी उघडायला ते स्वतः उठले आणि जमिनीवर कोसळले. सकाळी नोकरांनी दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता. पलंगावर असलेल्या अलेक्झांद्रीन वाचल्या, झोला वाचले नाहीत.

अधिकाऱ्यांनी केलेली चौकशी त्या काळाच्या मानाने काटेकोर होती. त्याच खोलीत पुन्हा शेकोटी पेटवून रात्रभर गिनीपिग ठेवले गेले. लहान प्राण्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण माणसापेक्षा जलद असल्यामुळे विषारी हवेचा परिणाम त्यांच्यावर आधी दिसतो. ब्रिटनच्या कोळसाखाणींत याच कारणासाठी कॅनरी पक्षी नेत, आणि ही प्रथा १९८६पर्यंत टिकली होती. पॅरिसमधले गिनीपिग सकाळी ठणठणीत होते. धुराडं उतरवून पाहिलं, त्यात काजळी होती, पण मृत्यूचा उलगडा व्हावा असं काही हाती लागलं नाही. अपघात अशी नोंद होऊन प्रकरण मिटलं. १९५३मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राने वेगळीच हकीकत छापली: हेरगिरीचा खोटा आरोप झालेल्या द्रेफ्यूस या लष्करी अधिकाऱ्याची बाजू झोलांनी घेतल्यामुळे संतापलेल्या एका छत दुरुस्त करणाऱ्याने धुराड्याचं तोंड मुद्दाम बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोकळं केलं, अशी कबुली त्याने मरण्यापूर्वी दिली होती. ती खरी की खोटी, याचा निकाल आजही लागलेला नाही.

घात असो वा अपघात, त्या चौकशीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. एका रात्री ज्या धुराड्याने जीव घेतला, तेच धुराडं थोड्या दिवसांनी घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झालं. मधल्या काळात परिस्थिती बदललेली होती. धुराड्याची परीक्षा घेताना ती कोणत्या दिवशी आणि कोणत्या अवस्थेत घेतली, हे परीक्षेइतकंच महत्त्वाचं असतं. आज गॅसवर पाणी तापवणाऱ्या, घर उबदार ठेवणाऱ्या उपकरणांची तपासणी करणारे तंत्रज्ञ सगळ्यात जास्त काळजी घेतात ती याच गोष्टीची.

धुराड्याला मोटर नसते, पंखा नसतो. आतली हवा गरम असल्यामुळे हलकी, बाहेरची गार असल्यामुळे जड. या वजनातल्या फरकावर ते चालतं. जड हवा खालून आत घुसते आणि हलकी हवा वर ढकलली जाते. कारागीर याला धुराड्याची ओढ म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द ‘ड्राफ्ट’. ओढ दोन गोष्टींनी वाढते: धुराड्याची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातलं अंतर. समजा, धुराडं ६ मीटर उंच आहे, आतले वायू १०० अंश सेल्सिअसला आणि बाहेर शून्य अंश आहे. गणिताने ओढ सुमारे २० पास्कल येते. बाहेर ३० अंश असेल तर तेच धुराडं १३ पास्कलवर येतं. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात वायू वर जाता जाता थंडावतात, वळणांवर आणि खडबडीत विटांवर घासतात, वाटेत खोलीतली गार हवा मिसळते. त्यामुळे पाणी तापवणाऱ्या साध्या टाकीच्या नळीत मोजायला गेलं तर अनेकदा दोन-तीन पास्कलच हाती लागतात.

पास्कल म्हणजे किती? एका नळीत पाणी भरून त्यावर १ पास्कल दाब दिला तर पाणी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं हलेल. म्हणजे जळालेला वायू घराबाहेर नेणारी सगळी शक्ती पाव मिलिमीटर पाण्याच्या वजनाएवढी. इतक्या नाजूक ओढीवर कुटुंबाची सुरक्षितता उभी आहे, हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

ही ओढ फक्त धुराड्यावर अवलंबून नसते, ती घरावरही असते, हे फार पूर्वी एका माणसाने नेमकं ओळखलं होतं. १७८५च्या उन्हाळ्यात बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्समधलं काम संपवून जहाजाने अमेरिकेला परत निघाले. प्रवासात त्यांनी यान इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञ मित्राला एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय होता धूर ओकणारी धुराडी. त्यांनी त्यात नऊ कारणं सांगितली आणि पहिलं कारण दिलं ते नव्या, नीट बांधलेल्या घरांचं. दारं-चौकटी इतक्या घट्ट बसवलेल्या की बाहेरची हवा आत यायला फटच नाही. आत काही येत नसेल तर वर काय जाणार?

फ्रँकलिननी त्यावर एक चाचणीही दिली आहे. शेकोटी चांगली पेटवा आणि दार हळूहळू लावत जा. दार जवळजवळ मिटलं की धूर खोलीत येऊ लागेल. मग धूर थांबेपर्यंत दार किंचित उघडा आणि फट मोजा. दार ८ फूट उंच आणि फट अर्धा इंच असेल तर खोलीला ४८ चौरस इंचांच्या वाटेने हवा हवी. तेवढी वाट कायमची ठेवा. एक दार, एक पट्टी, थोडा धूर आणि लक्ष देऊन पाहणारा माणूस, एवढ्यावर हा प्रयोग पूर्ण होतो. त्याच पत्रात त्यांनी दुसरंही एक कारण मांडलं: एका घरात दोन धुराडी असतील आणि दारंखिडक्या बंद असतील तर जोरदार जाळाचं धुराडं दुबळ्या धुराड्यावर मात करतं आणि त्यातून बाहेरची हवा उलटी खाली खेचतं. खेचलेल्या हवेबरोबर धूरही घरात येतो.

अडीचशे वर्षांत जाळ बदलला, इंधन बदललं, पण हे भांडण तसंच राहिलं. फरक इतकाच की जोरदार धुराड्याची जागा आता विजेच्या पंख्यांनी घेतली आहे.

अमेरिकेतलं एक साधं घर घेऊ. तळघरात दीडशे लिटरची गॅसवर चालणारी पाण्याची टाकी असते. तळाशी बर्नर, मधोमध वर जाणारी नळी आणि डोक्यावर पत्र्याची एक टोपी. या टोपीला ‘ड्राफ्ट हूड’ म्हणतात. टोपी आणि टाकी यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. वाऱ्याचा झोत धुराड्यातून खाली आला तर तो बर्नरवर न जाता या फटीतून बाजूला निघून जावा आणि ज्योत विझू नये, ही त्यामागची योजना. पण धुराड्याची ओढ कमी पडली तर जळालेला वायूही याच फटीतून तळघरात उतरतो. ज्या रचनेने ज्योत वाचते त्याच रचनेतून धोका आत येतो, म्हणून तपासणी करणाऱ्याची नजर आधी या फटीकडे जाते.

अशा टाकीच्या नळीतून मिनिटाला जेमतेम अर्धा-पाऊण घनमीटर वायू वर जातो. वरच्या मजल्यावरचा बाथरूमचा पंखा मिनिटाला सुमारे दीड घनमीटर हवा बाहेर फेकतो. कपडे वाळवण्याचं यंत्र चारेक घनमीटर. आणि स्वयंपाकघरातली मोठी हूड ११ घनमीटर किंवा त्याहूनही जास्त. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात फोडणीचा ठसका आणि मासे तळल्याचा वास घरभर राहू नये म्हणून दमदार हूड हवी असते, हे स्वाभाविकच आहे. पण बाहेर गेलेल्या हवेएवढी हवा कुठून तरी आत येणार. घर जुनं, फटींचं असेल तर ती खिडक्यांच्या कडांतून येते. घर घट्ट असेल तर तिला सगळ्यात सोपी, मोकळी, सरळ वाट सापडते ती म्हणजे तळघरातलं धुराडं. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमावलीत, घरात असं धुराडं असताना मिनिटाला ४०० घनफुटांहून मोठी हूड बसवताना बदली हवेची सोय सक्तीची केली आहे ती याचसाठी.

घरं घट्ट का झाली, यालाही इतिहास आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर उष्णता वाचवण्याची मोहीम सुरू झाली. १९७६मध्ये अमेरिकी सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं हिवाळ्यासाठी बंदिस्त करून देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. फटी बुजवल्या, माळ्यावर उष्णतारोधक थर घातले, खिडक्या बदलल्या. इंधनाची बिलं उतरली. त्याचबरोबर जी धुराडी वर्षानुवर्षं घराच्या गळक्या भिंतींच्या आधारावर चालत होती, ती अडखळू लागली. त्यामुळे घर घट्ट करायच्या आधी आणि नंतर गॅसच्या उपकरणांची ओढ तपासायची, हा नियमच या व्यवसायात रूढ झाला. ज्याने फटी बुजवल्या त्यानेच धुराड्याची जबाबदारी घ्यावी, ही यातली भूमिका रास्त आहे.

ही परीक्षा मुद्दाम वाईट परिस्थितीत घेतात. तंत्रज्ञ आत शिरतानाच हातातल्या मीटरवर कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण पाहतो, नळ्यांच्या जोडांवर गॅसगळती तपासतो. मग घराच्या बाहेरची सगळी दारं, खिडक्या, शेकोटीची झडप बंद. कपडे वाळवण्याच्या यंत्रातली कपड्यांचे तंतू अडवणारी जाळी साफ करून ते चालू करायचं, कारण जाळी तुंबलेली असेल तर ते कमी हवा फेकतं आणि परीक्षा सोपी होऊन बसते. स्वयंपाकघरातली हूड पूर्ण वेगाने, बाथरूमचे पंखे चालू. त्यानंतर घरातलं एकेक आतलं दार उघडून आणि लावून पाहायचं. ज्या स्थितीत तळघरातला दाब आणखी खाली जातो, त्या स्थितीत ते दार ठेवायचं. घर गरम करणाऱ्या भट्टीचा पंखासुद्धा एकदा चालू आणि एकदा बंद करून बघतात, कारण त्याच्या हवेच्या नळ्या तळघरात गळत असतील तर तोही तिथली हवा ओढतो. या सगळ्यानंतर तळघर आणि बाहेरचं वातावरण यांतला दाबाचा फरक मोजतात. मोजणाऱ्या यंत्राला मॅनोमीटर म्हणतात, आणि त्याला पास्कलच्या दहाव्या भागापर्यंतचं दिसतं.

एकट्या पाण्याच्या टाकीचं धुराडं असेल तर तळघरातला दाब बाहेरच्यापेक्षा २ पास्कलहून जास्त खाली जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकी इमारत-तपासनीसांनी वर्षानुवर्षं पाळली. टाकी आणि भट्टी एकाच धुराड्यावर असतील तर ३, एकटी भट्टी असेल तर ५. टाकीची मर्यादा सगळ्यात कडक आहे, कारण तिचा बर्नर लहान, वायू कमी आणि म्हणून ओढही दुबळी.

आता खरी परीक्षा. सगळ्यात लहान बर्नरचं उपकरण आधी पेटवायचं. नळीत गार हवेचा खांब उभा असतो, त्यामुळे पहिली काही सेकंदं थोडा वायू फटीतून बाहेर पडणं साहजिक आहे. घड्याळ लावून पाहायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय इंधन-वायू संहितेतली पद्धत सांगते की मुख्य बर्नर ५ मिनिटं चालल्यावर ड्राफ्ट हूडच्या फटीपाशी काडीची किंवा मेणबत्तीची ज्योत, किंवा धूर धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला, ज्योत खोलीकडे वाकली, तर धुराडं नापास. फटीच्या एकाच बाजूला पाहून भागत नाही. हात पूर्ण गोल फिरवावा लागतो, कारण एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असंही होतं. काही जुने जाणकार गार आरसा धरतात. जळालेल्या वायूत पाण्याची भरपूर वाफ असते आणि तो उलटत असेल तर आरसा लगेच धुरकटतो.

नंतर फटीच्या वर फूट-दोन फुटांवर नळीला बारीक भोक पाडून ओढ प्रत्यक्ष मोजतात. किती ओढ पुरेशी, याचं उत्तर हवामानावर ठरतं. बाहेर उणे १२ अंश असताना अडीच पास्कल हवेत, तर ३२ अंशांच्या उन्हात अर्धा पास्कलही चालेल, असं एक प्रचलित कोष्टक सांगत असे. म्हणूनच जानेवारीतल्या थंडीत दिमाखात उत्तीर्ण झालेलं धुराडं जुलैत नापास होऊ शकतं. वातानुकूलित घरातली गार हवा धुराड्यात भरलेली असते, बाहेर ऊन असतं, आणि आतला जड खांब आपोआप खाली घसरत असतो.

परीक्षा चालू असताना खोलीतल्या कार्बन मोनॉक्साइडवर सतत लक्ष असतं. दहा लाख भागांत ७० भाग दिसले की काम थांबवून सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, अशी या तपासनीसांची शिस्त आहे.

नापास झालेल्या घरातली पुढची पायरी मला या सगळ्या पद्धतीतली सर्वांत हुशारीची वाटते. सगळे पंखे बंद करून तीच परीक्षा पुन्हा घेतात. आता धुराडं व्यवस्थित ओढू लागलं तर दोष घरातल्या दाबाचा. हूड लहान करा, बाहेरची हवा आत यायला वाट द्या. तरीही वायू उलटत असेल तर दोष धुराड्यातच आहे: पक्ष्याचं घरटं, ढासळलेल्या विटा, चुकीच्या उताराची नळी किंवा गरजेपेक्षा मोठी पोकळी.

हा शेवटचा दोष नव्या तंत्रज्ञानाने आणला. जुन्या घरात भट्टी आणि टाकी एकाच विटांच्या धुराड्याला जोडलेल्या असायच्या. भट्टीचा मोठा जाळ धुराडं गरम ठेवायचा आणि टाकीचा छोटा वायू त्या ओढीत सहज वर जायचा. मग घरमालक जास्त कार्यक्षम भट्टी घेतो. तिचा वायू इतका थंड असतो की तो प्लास्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर जातो, धुराड्याची गरजच उरत नाही. मागे राहते एकटी टाकी. व्यवसायातले लोक तिला अनाथ टाकी म्हणतात. तिच्या वायूला एवढं मोठं, गार धुराडं तापवता येत नाही. नैसर्गिक वायूचा एक घनमीटर जळला की दीड लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. गार विटांवर ते दवासारखं साचतं, आम्लधर्मी असल्यामुळे चुन्याचे सांधे खातं, आणि काही वर्षांनी विटांचे तुकडे निसटून तळाशी पडतात. वाट आणखी अरुंद होते. उपाय साधा आहे: धुराड्याच्या आत टाकीच्या मापाची धातूची नळी सोडायची. भट्टी बसवणाऱ्याने हे सांगितलं नाही तर घरमालकाला कळण्याचा मार्ग नसतो, आणि हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

काही खुणा मात्र यंत्राशिवायही दिसतात. टाकीच्या माथ्यावर गरम आणि गार पाण्याच्या नळ्यांभोवती प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या वितळलेल्या असतील तर गरम वायू तिथे उलटलेला आहे. हूडजवळ गंज, बर्नरच्या दाराशी काळे डाग, हिवाळ्यात तळघराच्या काचांवर सतत ओल, निळ्याऐवजी पिवळी, डुलणारी ज्योत. यांतलं एकही दिसलं तरी तंत्रज्ञ बोलवावा.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७मध्ये दाखवलं. चिकटण्याची ही ताकद प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आहे. साध्या हवेत आणलं तरी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास जातात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. लक्षणं फसवी: डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं. घरातल्या सगळ्यांना एकदमच ‘ताप आल्यासारखं’ वाटतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, ही ओळखीची खूण. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार, आगीशी संबंध नसलेल्या अशा विषबाधेने तिथे दरवर्षी चारशेहून अधिक माणसं दगावतात आणि एक लाखाहून अधिक आपत्कालीन विभागात पोहोचतात.

१९९४च्या सप्टेंबरात माजी टेनिसपटू वितास गेरुलायटिस न्यूयॉर्कजवळच्या साउथॅम्प्टनमध्ये मित्राच्या आवारातल्या पाहुण्यांच्या घरात झोपले होते. जलतरण तलावाचं पाणी तापवणाऱ्या यंत्राचा वायू बाहेर टाकणारी नळी नीट बसवलेली नव्हती. तो वायू घराच्या हवा खेळवणाऱ्या यंत्रणेतून आत शिरला. १९७७च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा हा विजेता चाळिसाव्या वर्षी गेला.

भिंतीवरच्या अलार्मचा उपयोग मोठा आहे, पण तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे दहा लाखांत ७० भाग असताना तो एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो, ४०० भागांना ४ ते १५ मिनिटांत. ७० भागांहून बऱ्याच कमी पातळ्यांवर तो गप्प राहावा अशीच त्याची रचना असते, नाहीतर लोक वैतागून बॅटरी काढून टाकतील. गर्भवती, हृदयविकारी आणि लहान मुलं यांना कमी पातळीवरही त्रास होऊ शकतो. झीज सुरू झालेलं धुराडं अलार्मच्या आधी कळतं ते परीक्षेतूनच.

आपल्याकडची अवस्था वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पाणी तापवणाऱ्या गॅसला धुराडंच नसतं. भिंतीवर टांगलेला छोटा गॅस गीझर जळालेला वायू थेट खोलीत सोडतो, आणि ती खोली पुष्कळ वेळा घरातली सगळ्यात लहान असते.

हिशोब करून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांची, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम ८ घनमीटर. ती हवाबंद धरली तर सहा-सात मिनिटांत आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८च्या आसपास येतो. या टप्प्यापासून ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढू लागतो. प्रत्यक्षात दाराखालून थोडी हवा येतेच, पण डिसेंबरच्या थंडीत काचपट्ट्यांच्या खिडकीवर कागद चिकटवणारी, फटीत टॉवेल खुपसणारी घरं पुण्यात, नाशकात, नागपुरात कमी नाहीत. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. वरचा हिशोब पाहता ती वीस मिनिटं फार उशिराची आहेत.

भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने असे रुग्ण नोंदवले आहेत. अंघोळीला गेलेली धडधाकट व्यक्ती बाथरूममध्ये बेशुद्ध सापडते, कधी झटके येतात, आणि फिट आली असं समजून अपस्माराची औषधं सुरू होतात. बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता, ही माहिती डॉक्टरांना कोणी देत नाही. यात आणखी एक अडचण आहे. करोनाकाळात घरोघर आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायू चिकटलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. माणूस गुदमरलेला असतो आणि पडद्यावर ९८ दिसतात. निदान होतं ते रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या तपासणीने.

गीझर बाहेर लावला की प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांनी ड्राय बाल्कनीकडे एकदा बघावं. गीझर लावला तेव्हा ती मोकळी होती. मग पावसाचं पाणी आत येतं म्हणून सरकत्या काचा बसल्या, कबुतरांसाठी जाळी आली, वॉशिंग मशीन आलं, वर कपाट आलं. आता ती एक बंद खोली आहे आणि तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं. स्वयंपाकघरातली विजेची चिमणी सुरू झाली की ती हवा ओढते ती याच दारातून, गीझरच्या वायूसकट. फ्रँकलिननी सांगितलेलं दोन धुराड्यांचं भांडण इथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात चालू असतं. पाइपच्या गॅसबरोबर आता नळी लावलेले गीझरही येत आहेत, ही चांगली गोष्ट. मात्र ती नळी बाल्कनीच्या आतच सोडलेली असेल, वर चढण्याऐवजी खाली वळवलेली असेल किंवा तिच्या तोंडाशी घरटं असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

नळी असलेल्या, पंख्याशिवाय चालणाऱ्या गीझरची प्राथमिक परीक्षा घरच्या घरी करता येते. गॅसचा जराही वास नाही याची आधी खात्री करावी. वास असेल तर काडी ओढू नये, विजेचं बटणही दाबू नये, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि गॅस कंपनीला कळवावं. वास नसेल तर घराच्या खिडक्या लावाव्यात, विजेची चिमणी आणि एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगाने चालू करावेत, गरम पाण्याचा नळ सोडावा. पाच मिनिटं थांबून नळी जिथे गीझरला मिळते तिथल्या फटीभोवती पेटती उदबत्ती फिरवावी. धूर आत ओढला जायला हवा. तो खोलीत पसरत असेल तर गीझर लगेच बंद करून सगळ्या खिडक्या उघडाव्यात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत तो वापरू नये. धूर आत गेला तरी वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, मीटर असलेल्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा, कारण उदबत्तीला वायूची दिशा कळते, त्यातलं विष कळत नाही.

कोणाला बाथरूममध्ये चक्कर आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावं, गीझर बंद करावा, रुग्णालयात न्यावं आणि तिथे पोहोचताच गॅस गीझर चालू होता हे स्वतःहून सांगावं. आणि गीझर बाथरूमच्या आतच असेल, त्याला बाहेर जाणारी नळी नसेल, तर त्याची कोणतीही परीक्षा घेत बसू नये. तो आजच बंद करावा, आणि मोकळ्या जागी हलवेपर्यंत बादलीत गरम पाणी नेऊन अंघोळ करावी.